सिकलसेलसोबतचं रोजचं जगणं: तुमच्या घरात कोणत्या सवयी आहेत?

वैनगंगा (ऐरोली)

नमस्कार.

मला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून एस जनुक आलेलं. वय ३३. मूळची भंडारा जिल्ह्यातली. नोकरीच्या निमित्ताने ११ वर्षांपूर्वी इकडे आले आणि लग्नानंतर ऐरोलीतच राहिले. ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. इथे डायबेटिस, थायरॉइड, गुडघेदुखी यांवर कितीतरी धागे आहेत, सिकलसेलवर मला एकही सापडला नाही म्हणून हा काढतेय. आमच्याकडे विदर्भात हा शब्द लहान पोरांनाही माहीत असतो. इकडे सांगितलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे रक्त कमी ना? बीट खात जा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा आजार जन्मतः आई आणि वडील दोघांकडून येतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचा एक घटक बदललेला असतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. तेवढ्यावरून सगळं रामायण. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला, दमछाक झाली की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे कळा सुरू. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, आमची १० ते २० दिवस. म्हणून हिमोग्लोबिन कायम कमी (माझं ८ च्या आगेमागे) आणि डोळे पिवळट. कावीळ झाली का, असं मला लिफ्टमध्येसुद्धा लोक विचारतात.

मुद्द्याचं सांगते. गेल्या वर्षी जुलैत एका सोमवारी ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची रांग पार सॅटिसच्या (स्टेशनबाहेरच्या बसपुलाच्या) जिन्यापर्यंत गेली होती. पाऊस आडवा. छत्री असून कमरेखाली सगळी भिजले. ऑफिसला पोचले तर मीटिंग सुरू झालेली, रिकामी खुर्ची नेमकी एसीच्या झोताखाली. ओली सलवार अंगावरच वाळली. दिवसभरात दोन कप चहा आणि अर्धा ग्लास पाणी. संध्याकाळी मांड्या जड वाटायला लागल्या, रात्री दीडला कंबरेत कळ उठली. उशीचा अभ्रा दातांत धरून मी तासभर काढला, मग नवऱ्याला उठवलं. हा तासभर थांबणं माझी चूक होती, पुढे सांगते का ते.

ज्या दवाखान्यात गेलो तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "एवढं दुखतंय तर ओरडत का नाही?" लहानपणापासून दुखणं गिळायला शिकलेल्या माणसाला हा प्रश्न किती लागतो, ते सिकलवालेच समजू शकतील. दोघींनी सुया टोचून पाहिल्या, शीर सापडेना. मग एक वयस्कर सिस्टर आल्या. त्यांनी गरम पाण्यात टॉवेल पिळला, माझ्या हाताभोवती गुंडाळला आणि पाच मिनिटं नुसत्या हात धरून बसल्या. टॉवेल काढला तेव्हा शीर वर आलेली होती. पहिल्याच टोचणीत सलाईन लागलं. चार दिवस राहिले.

घरी आल्यावर सासूबाईंनी एक वाक्य म्हटलं आणि तेव्हापासून आमचं घर बदललं. म्हणाल्या, "तुझं औषध तू घे. पण पाणी, पांघरूण आणि झोप हे आपण सगळ्यांनी मिळून सांभाळायचं." त्या आधी हे सगळं मी एकटी लक्षात ठेवायचे आणि विसरले की स्वतःलाच दोष द्यायचे.

पाणी: आमच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, पाणी वाहूनच जातं. त्यामुळे तहान लागेपर्यंत थांबलं की उशीर झालेला असतो. मला दिवसाला ३ लिटर सांगितलंय. (ज्यांचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.) माझी स्टीलची बाटली पाऊण लिटरची. सकाळी सासूबाई तिच्या गळ्यात चार रबरबँड घालून देतात. एक बाटली संपली की एक रबरबँड काढून मनगटात घालायचा. संध्याकाळी दार उघडताना त्या आधी माझ्या मनगटाकडे बघतात.

आता इथे एक गोष्ट उघड लिहिते, कारण बायका हे बोलत नाहीत. मुंबई-ठाण्याकडे लोकलने जाणारी बाई पाणी पीत नाही ती तहान नसते म्हणून नव्हे, तर बाथरूम कुठे मिळेल याची खात्री नसते म्हणून. मीही वर्षानुवर्षं घरून निघायच्या आधी तासभर पाणी बंद करायचे. त्या जुलैच्या क्रायसिसनंतर (दुखण्याच्या झटक्याला क्रायसिस म्हणतात) मी जाण्या-येण्याच्या वाटेवर कुठे कुठे बरं बाथरूम आहे त्याची यादीच केली. यादी झाल्यावर पाणी आपोआप वाढलं. डॉक्टर "भरपूर पाणी प्या" म्हणतात तेव्हा हा भाग कुणी सांगत नाही.

ऊब: जूनपासून बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा ड्रेस, मोजे आणि टॉवेल. भिजले की आधी कपडे बदलायचे, मीटिंग नंतर. एसीच्या झोताखालची जागा बदलून घेतली. गार पाण्याने अंघोळ नाही, अंघोळीनंतर ओल्या केसांनी पंख्याखाली बसणं नाही. दुखऱ्या भागाला बर्फ कधीच लावायचा नाही, शेक द्यायचा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि अडकलेलं आणखी अडकतं.

झोप आणि दमणं: पाच महिने वहीत लिहून ठेवलं की दुखणं कशानंतर येतं. माझ्या बाबतीत पाळीच्या आधीचे दोन दिवस, सलग दोन रात्री कमी झोप आणि भांडण. होय, भांडण. मनावरचा ताणही अंगात उतरतो. त्या दिवसांत मी आठवड्याची मोठी खरेदी, धुणं असलं काही काढत नाही. रात्री जेवणानंतर सेक्टरच्या बागेत पंचवीस मिनिटं चालते, धाप लागायच्या आधी थांबते.

औषधं: हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड रोज. ठरलेल्या मुदतीने सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी.

आणि ताप. थर्मामीटरवर १०१ दिसला की क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, सरळ दवाखाना. आमची प्लीहा (डाव्या बरगडीखालचा, जंतूंशी लढणारा अवयव) बहुतेक वेळा लहानपणीच निकामी झालेली असते, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही काही तासांत अंगभर पसरू शकतो. छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर तासभर थांबायचं नाही. मी थांबले होते, तेव्हा नशिबाने ते नुसतं कंबरेचं होतं.

तुमच्या घरी कुणाला असेल तर तुम्ही काय करता ते लिहा. औषधाच्या मात्रा नकोत, सवयी लिहा.

कळवेकर बाबा (कळवा)

ताई, धागा वाचून बायकोला हाक मारली. आमची मुलगी ४ वर्षांची, एसएस. दीड वर्षाची असताना हाताची बोटं आणि पावलं सुजली, आधी वाटलं काही चावलं. तिसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तेव्हा कळलं.

आमच्याकडची एक सवय सांगतो. डॉक्टरांनी माझा हात स्वतःच्या हातात धरून मुलीच्या डाव्या बरगडीखाली ठेवला आणि प्लीहा कशी लागते ते दाखवलं. म्हणाले, रोज अंघोळीच्या वेळी बघत जा. लहान मुलांत कधी कधी रक्त एकदम प्लीहेत साठतं, पोट फुगतं, पोर पांढरं पडतं, आणि तेव्हा दवाखान्यात पोचायला वेळ फार कमी असतो. मी आता रोज बघतो. तिला वाटतं बाबा गुदगुल्या करतात. साधारण दोन बोटं लागते. एकदा चार बोटं लागली होती, रात्री अकराला रिक्षा करून गेलो, लगेच रक्त चढवावं लागलं.

पेनिसिलिन दिवसातून दोनदा, पाच वर्षांची होईपर्यंत नक्की, पुढचं तेव्हा ठरवू म्हणाले. न्युमोकोकलची लस झाली, फ्लूची दर वर्षी.

माझा प्रश्न शाळेचा आहे. यंदा बालवाडीत घातली. वर्गात पाण्याची बाटली बाकावर ठेवू देत नाहीत, रांगेत दप्तराच्या कप्प्यात ठेवतात. बाथरूमला सारखं जायला लागली तर रागावतात. दोनदा तिने कपडे ओले केले, आता शाळेत पाणीच पीत नाही. घरी आल्यावर ओठ सुकलेले असतात. काय करावं?

वैनगंगा (ऐरोली)

दादा, चार बोटं लागली आणि तुम्ही रात्री अकराला निघालात, त्याबद्दल तुम्हाला मनापासून नमस्कार.

शाळेसाठी: तोंडी सांगू नका, कागद द्या. रक्ताच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर मराठीत पाच ओळी लिहून घ्या. बाटली बाकावर राहील, बाथरूमला विचारता क्षणी जाऊ द्यायचं, उन्हात किंवा पावसात उभं करायचं नाही, पीटीमध्ये दमली म्हणाली की बसू द्यायचं, ताप किंवा दुखणं आलं की या नंबरवर लगेच फोन. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक वर्गशिक्षिकेला, एक दप्तरात. माझ्या आईने भंडाऱ्याला हेच केलं होतं. ती चौथी शिकलेली, पण कागदाची किंमत तिला कळत होती. आणि बाईंना एकदा भेटून मुलीचा सुजलेल्या हातांचा फोटो दाखवा. नियम तसाच राहिला तरी माणूस बदलतो.

कपडे ओले होणं हा तिचा हट्ट किंवा आळस नाही, मूत्रपिंडाचा भाग आहे. अंथरूणही बरीच वर्षं ओलं होऊ शकतं. त्यावरून तिला कुणीही लाजवू नये, आजीनेसुद्धा नाही.

दोन वर्षांपासून पुढे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी, टीसीडी म्हणतात, वर्षातून एकदा करतात. सुई नसते, दुखत नाही. पक्षाघाताचा धोका आधी कळतो. झाली नसेल तर विचारा.

गव्हांकुर (डोंबिवली)

ताई, राग मानू नका. हायड्रॉक्सियुरिया कॅन्सरचं औषध आहे. ते आयुष्यभर कशाला? माझ्या ओळखीत एकाला गव्हांकुराचा रस, बीट, खजूर आणि लोहाचं टॉनिक यांनी खूप फरक पडला. रक्त वाढलं की आजार आपोआप कमी होईल.

वैनगंगा (ऐरोली)

राग नाही. काळजीने लिहिलंय हे कळतं. पण यातलं टॉनिक फार महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या अंगात रक्त कमी असतं ते लोह नाही म्हणून नव्हे, पेशी लवकर फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशींतलं लोह अंगातच राहतं. ज्यांना वारंवार रक्त चढवलंय त्यांच्यात तर प्रत्येक पिशवीबरोबर आणखी लोह येतं आणि ते यकृतात, हृदयात साठतं. म्हणून फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासल्याशिवाय लोहाची गोळी किंवा टॉनिक घ्यायचं नाही. पालक, मेथी, चवळी, मसूर खुशाल खा, त्यात फॉलेट असतं आणि आम्हाला ते हवंच, कारण नवं रक्त बनवायचं काम आमच्या अंगात फार वेगाने चालू असतं. बीट आवडत असेल तर तेही खा. पण जेवण वेगळं आणि टॉनिक वेगळं.

हायड्रॉक्सियुरिया रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं. माझ्या वडिलांनी हेच ऐकून दोन वर्षं मला ते घेऊ दिलं नव्हतं. सिकलमध्ये त्याचं काम वेगळं आहे. बाळाच्या अंगात जन्माआधी जे हिमोग्लोबिन असतं ते या औषधाने पुन्हा थोडं बनायला लागतं, आणि ते असलं की पेशी सहज वाकत नाहीत. अमेरिकेत १९९८ साली मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी त्याला मान्यता मिळाली. फरक दिसायला काही महिने लागतात, त्यामुळे बरेच जण पहिल्या महिन्यातच कंटाळून सोडतात. मला आधी वर्षाला पाच-सहा वेळा भरती व्हावं लागायचं, आता एखाद वेळा. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून सीबीसी चुकवायचा नाही. आणि मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलायचं, हे बाईलाही लागू आणि पुरुषालाही. गरोदरपणात ते चालत नाही.

सूक्ष्मदर्शक (कोपरखैरणे)

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. तपासणीबद्दल थोडं.

शिबिरात जी झटपट चाचणी करतात ती सोल्युबिलिटी. त्यात नळीतलं पाणी गढूळ झालं तर एस हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस वाहक आहे की पीडित, ते त्यातून ठरत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दाखवणाऱ्या तपासण्या. अनेक जण "पॉझिटिव्ह" कागद बघून घाबरतात आणि प्रत्यक्षात एएस म्हणजे वाहक निघतात. वाहकाला रोज औषध लागत नाही, तो नेहमीचं आयुष्य जगतो. फक्त पार लेह-लडाखसारख्या उंचीवर जाताना किंवा उन्हात जिवावर उठून पळताना त्यानेही जपावं.

दोन सूचना. रक्त चढवल्यानंतर लगेच एचपीएलसी करू नका, त्यात दात्याचं रक्त मिसळलेलं येतं. आणि सहा महिन्यांखालच्या बाळावर सोल्युबिलिटीचा भरवसा नाही, तेव्हा बाळाचं हिमोग्लोबिनच जास्त असतं.

नवी पालवी (खारघर)

मी वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितेय. माझं लग्न ठरलंय. मी एएस. त्यांची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली. घरचे म्हणतात आता काळजी मिटली. मिटली का?

सूक्ष्मदर्शक (कोपरखैरणे)

पूर्ण नाही. सोल्युबिलिटीत फक्त एस दिसतं. समोरचा थॅलसेमियाचा (हिमोग्लोबिनचाच आणखी एक जन्मजात आजार) वाहक असेल तर या चाचणीत तो निगेटिव्हच येणार, आणि सिकल वाहक व थॅलसेमिया वाहक यांच्या मुलालाही सिकलचा आजार होऊ शकतो. त्यांची एचपीएलसी करून घ्या. ती व्यवस्थित आली तर मात्र निश्चिंत राहा, मूल फार तर तुमच्यासारखं वाहक होईल.

दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के, काहीच नसण्याची २५ टक्के. प्रत्येक वेळी नव्याने. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नसतं. गर्भाची तपासणी १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास करता येते. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकार रक्तशास्त्र संस्था आहे, एनआयआयएच म्हणतात. हिमोग्लोबिनच्या आजारांचं काम तिथे अनेक वर्षं चालतं.

वैनगंगा (ऐरोली)

पालवी, मी त्या २५ टक्क्यांतली. आईवडील दोघेही वाहक, दोघांनाही माझ्या जन्माआधी माहीत नव्हतं. माझा भाऊ एए, म्हणजे वाहकसुद्धा नाही. तो आणि मी एकाच ताटात जेवलो, एकाच विहिरीचं पाणी प्यायलो. वडील अजून म्हणतात, "माझ्यामुळे तुला सोसावं लागलं." तुमच्या हातात आधी कळण्याची संधी आहे, ती घ्या. रिपोर्ट काहीही आला तरी तुम्ही दोघं एकमेकांशी आधी बोला, मग नातेवाईक.

मोगरा (नौपाडा)

माझ्या धाकट्या जावेला एसएस आहे. आमच्याकडे हरतालिका निर्जळी असते. ती नको म्हणत नाही, उलट आग्रहाने करते. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी तिला सलाईन लावावं लागलं. तिला दुखावल्याशिवाय कसं थांबवू?

वैनगंगा (ऐरोली)

ताई, तिला थांबवू नका, तुम्ही तिच्यासोबत पाणी प्या. मोठ्या जावेने पहिला घोट घेतला की धाकटीला परवानगी मागावी लागत नाही. फळं, दूध, शहाळं, ताक घेऊन पूजा तशीच होते. निर्जळी उपवास आमच्यासाठी खरंच धोक्याचा आहे, दुसऱ्या दिवशी लागलेलं सलाईन त्याचंच. आमच्याकडे उपवास नसतात, पण १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भर उन्हात मीही असाच हट्ट करायचे. आता नवरा दोन बाटल्या घेऊन शेजारी चालतो आणि अर्ध्या वाटेत मी सावलीत बसते. मिरवणूक माझ्यासमोरून जाते.

दोन पावलं (नेरूळ)

वय ४१, पुरुष, एसएस. उजव्या खुब्याचं हाड रक्त न पोचल्याने झिजलंय. दहावीपासून दुखत होतं, मी खेळताना लागलं असेल म्हणून सोडून दिलं. मांडीचा सांधा किंवा जांघ आठवडेच्या आठवडे दुखत असेल तर क्रायसिस समजून गोळ्या खात बसू नका, एमआरआय काढा. लवकर कळलं तर बरंच वाचवता येतं.

व्यायामाबद्दल: मला आधी सगळ्यांनी "काही करू नकोस" सांगितलं आणि त्याने स्नायू गेले. आता फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम आणि सपाट रस्त्यावर चालणं. पोहायचं असेल तर पाणी गार नको आणि बाहेर आल्यावर लगेच अंग पुसून कोरडे कपडे. सिगारेट मी २०१६ मध्ये सोडली. छातीची दुखणी त्यानंतर कमी झाली. दारूने लघवी वाढून अंग कोरडं पडतं, तीही बंद.

आणि एक, जे पुरुष लाजेने मरत असतील पण सांगत नाहीत. कारण नसताना लिंग ताठ होऊन दुखत राहणं हेही सिकलचंच लक्षण आहे. थोड्या वेळाने गेलं तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. चार तासांपर्यंत उतरलं नाही तर तातडीने दवाखाना, नाहीतर कायमचं नुकसान होतं. मी एकोणिसाव्या वर्षी आईला सांगू शकलो नाही. घरात तरुण मुलगा असेल तर बापाने आधीच त्याच्याशी बोलून ठेवावं. वयात येताना डोळ्यांचा पडदाही दर वर्षी तपासायला सुरुवात करा.

पाड्यावरची ताई (शहापूर)

मी आरोग्याचं काम करते, आमच्याकडे कातकरी आणि ठाकर पाडे आहेत. तुमचं सगळं वाचलं. चांगलं आहे, पण आमच्या माणसांना यातलं काय लागू पडेल याचा विचार करत होते.

दिवाळी झाली की आमची कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. भट्टीची धग, वरून ऊन, पाण्याचा पिंप लांब. सिकलचं पोर तिथेच आईबरोबर असतं. दुखणं उठलं की जवळचा कुठला तरी डॉक्टर सुई देतो, त्याला आजार माहीत नसतो, कागद गावाला झोपडीत राहिलेला. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होतेय, कार्डं मिळताहेत. पण कार्ड पेटीत आणि माणूस भट्टीवर, असं होतं.

मी दोन गोष्टी करते. निघायच्या आधी प्रत्येक घरी जाऊन कार्डाचा फोटो घरातल्या ज्याच्याकडे मोबाइल असेल त्याच्यात काढून ठेवते, आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मुक्काम संपेपर्यंत पुरतील एवढ्या मिळाव्यात म्हणून आरोग्य केंद्रात मागे लागते. दुसरं, पोराच्या नावाचा पाण्याचा वेगळा डबा. दोन लिटरचा तेलाचा रिकामा कॅन उकळत्या पाण्याने धुऊन द्यायचा, त्यावर सुताचा लाल दोरा बांधायचा. हे पाणी ह्याचंच, संध्याकाळपर्यंत संपलं पाहिजे. एका आईने मला सांगितलं, भट्टीवरच्या बाकीच्या बायाही आता तिला विचारतात, "लाल दोरा संपला का?"

पावसाळ्यात मच्छरदाणी. मलेरियात आपली सिकलची मुलं फार लवकर खालावतात. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण असतं म्हणतात ते खरं, पण एसएसला उलट धोका जास्त. पाड्यावर हा गोंधळ मी पुष्कळदा ऐकलाय.

वैनगंगा (ऐरोली)

लाल दोरा. ताई, मी ही पोस्ट सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आपल्या बाटलीचे रबरबँड आणि तिथला लाल दोरा, अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही.

सवलतींबद्दल दोघांनी मेसेज करून विचारलं, म्हणून इथेच लिहिते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज करता येतो, तपासणीत टक्केवारी ठरते. रेल्वेत मान्यताप्राप्त रुग्णालयात तपासणीला जाताना तिकिटात सवलत आहे. मी गावाकडच्या डॉक्टरांना दाखवायला जाताना वापरली आहे. कार्ड काढायला मला चार फेऱ्या पडल्या. प्रत्येक फेरीला पाणी आणि खाणं बरोबर ठेवा, रांगेत दोन तास उभं राहू नका, खुर्ची मागा.

कळवेकर बाबा (कळवा)

तीन आठवड्यांनी लिहितोय. पत्र दिलं. मुख्याध्यापकांनी आधी "एकीला परवानगी दिली तर सगळेच मागतील" म्हटलं. वर्गशिक्षिकेने फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गातल्या सगळ्याच मुलांना बाटली बाकावर ठेवू दिली. तास संपला की सगळे मिळून दोन घोट पितात. आमची आता बाटली रिकामी करून आणते.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी अंग गरम लागलं. थर्मामीटर १०१.४. शेजारच्या काकू म्हणाल्या, सकाळपर्यंत बघा, पोरांना येतोच ताप. आम्ही निघालो. रक्ताचे नमुने घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू केलं, छातीत कफ निघाला. रविवारी घरी आणली. सलाईनच्या वेळी मी सिस्टरना गरम टॉवेलचं विचारलं. त्यांनी लगेच केलं.

वैनगंगा (ऐरोली)

बरं झालं तुम्ही निघालात. तिला माझ्याकडून शाबासकी, आणि वर्गाच्या बाईंनाही.

पाड्यावरची ताई (शहापूर)

वैनगंगाताई, या धाग्यातल्या गोष्टी सोप्या भाषेत एका कागदावर लिहून दिवाळीआधी पाड्यांवर वाटाव्या म्हणते. चित्रं आमच्या आश्रमशाळेतली मुलं काढतील. चालेल ना? तुमच्या पोस्टमधून घेतलेलं: पाणी ३ लिटर, ताप १०१, बर्फ नाही शेक, लोहाचं टॉनिक विचारल्याशिवाय नाही, डाव्या बरगडीखाली हात.

वैनगंगा (ऐरोली)

नक्की वाटा, नाव घालायची गरज नाही. दोन दुरुस्त्या करा. ३ लिटर मोठ्या माणसाचं आहे, मुलांचं पाणी वजनावर ठरतं, तिथे आकड्याऐवजी लाल दोऱ्याच्या डब्याचं चित्र ठेवा आणि डबा केवढा हे केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि १०१ हा आकडा थर्मामीटर असलेल्या घरासाठी आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांना "अंग चटका बसण्याइतकं गरम लागलं की निघा" असं लिहा. मी ऑफिसमधल्या मैत्रिणींशी बोलले आहे, दिवाळीआधी २५ थर्मामीटर जमतील. शहापूरला कुठे आणून देऊ ते मेसेज करा. शनिवारी येऊ शकते, सकाळी नको, गारठा असतो. दुपारच्या आसनगाव लोकलने येईन.